९० टक्के रिकव्हरी हवी असेल तर हिशेब रिजेक्टपासून मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्याच्या ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून) बाहेर पडणारं ताशी २६.७ घनमीटर पाणी आधी यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे कण अडवणारी बारीक गाळणी) आणि मग आरओतून (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाबाखाली क्षार अडवणाऱ्या मेम्ब्रेनमधून) जातं. फीडचा, म्हणजे आरओत शिरणाऱ्या पाण्याचा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ३५०० आणि सिलिका ३५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. आठ इंची २४ मेम्ब्रेन, रिकव्हरी (फीडपैकी शुद्ध होऊन मिळणारा भाग) ७५ टक्के, म्हणजे ताशी २० घनमीटर परमिएट (शुद्ध पाणी). दर तीन आठवड्यांनी सीआयपी (मेम्ब्रेन जागेवरच रसायनांनी धुणं) करावं लागतं. इव्हॅपोरेटरला (पाण्याची वाफ करून क्षार वेगळे करणाऱ्या यंत्राला) रिजेक्ट (आरओतून उरलेलं खारट पाणी) झेपत नाही, म्हणून व्यवस्थापनाला आता ९० टक्के रिकव्हरी हवी आहे. मेम्ब्रेनची कंपनी बदलावी, की आणखी एक स्टेज (आधीच्या टप्प्याचं रिजेक्ट पुन्हा गाळणारा टप्पा) जोडावी?

आत्ता तरी दोन्ही नको. कंपनीचा मुद्दा या प्रकरणात सगळ्यात शेवटी येतो. बाजारातल्या बहुतेक आरओ मेम्ब्रेन एकाच घडणीच्या असतात: वर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा पॉलिअमाइडचा थर, त्याखाली पॉलिसल्फोनचा सच्छिद्र आधार आणि तळाला पॉलिस्टरचं कापड. फरक असतो तो थराच्या घट्टपणात, स्पेसरच्या (दोन मेम्ब्रेनथरांमधल्या जाळीच्या) जाडीत आणि थोडाफार पृष्ठभागाच्या स्वभावात. जे पाणी एका कंपनीची मेम्ब्रेन तीन आठवड्यांत चोक करतं, ते दुसऱ्या कंपनीला फार सवलत देत नाही.

आरओ काहीही नष्ट करत नाही, नुसती वाटणी करतो. म्हणून माझ्याकडे असा प्रश्न आला की मी परमिएटकडे बघतच नाही, रिजेक्टची आकडेमोड आधी करतो. सूत्र सोपं आहे: १ भागिले (१ वजा रिकव्हरी). ७५ टक्क्यांना क्षार चौपट होतात, ८० ला पाचपट, ९० ला दहापट. तुमच्या आकड्यांवर ते लावून बघा. आज रिजेक्टचा टीडीएस १४,०००च्या आसपास आहे. ९० टक्क्यांना तो ३५,००० होईल, म्हणजे जवळपास समुद्राचं पाणी. दर हजार मिलिग्रॅमला साधारण ०.७ बार ऑस्मॉटिक दाब (पाणी पलीकडे ढकलण्याआधी ओलांडावा लागणारा क्षारांचा दाब) धरला, तर फीडचा दाब अडीच बार, आजच्या रिजेक्टचा दहा बार आणि ९० टक्क्यांच्या रिजेक्टचा पंचवीस बार. तुमचा पंप पंधरा-सोळा बारचा असेल, तर शेवटच्या मेम्ब्रेन पाणी देणारच नाहीत. ‘रिकव्हरी वाढवा’ म्हणून रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळला की पहिल्या मेम्ब्रेनवरचा भार तेवढा वाढतो आणि शेवटच्या मेम्ब्रेनवर क्षारांचा चिखल बसतो.

आता सिलिका. न्यूट्रल पीएचला आणि २५ अंशांना अस्फटिकी सिलिकाची विद्राव्यता लिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम. तुमच्या रिजेक्टमध्ये आजच १४० आहे. म्हणजे आजच्या ७५ टक्क्यांनाच तुम्ही रेषेपलीकडे आहात. तरीही प्लांट चालतो, कारण सिलिकाचं बहुलकीकरण (रेणू एकमेकांना जोडले जाणं) सावकाश होतं आणि अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं रसायन) त्याला आणखी काही काळ रोखून धरतं. पण पाण्यात लोह किंवा ॲल्युमिनियमचा अंश असला तर हा उशीर फारसा उरत नाही. ईटीपीत तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) वापरत असाल, तर आरओच्या फीडमधलं ॲल्युमिनियम एकदा मोजून घ्या. ते ०.०५ मिलिग्रॅमच्या आत असावं. त्यासाठी क्लॅरिफायरचा (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचा) पीएच ६.५ च्या आसपास सांभाळावा लागतो. तो भरकटला की ॲल्युमिनियम विरघळून यूएफमधून आरामात निघतं आणि आरओवर जाऊन बसतं. ९० टक्क्यांना सिलिका ३५० होईल. तिथे साधं अँटिस्केलंट टिकत नाही, विकणारा काहीही म्हणो.

कॅल्शियम कार्बोनेटबद्दल एक बारकावा बरेचदा निसटतो. बायकार्बोनेट रिजेक्टमध्ये चौपट होतं, पण कार्बन डायऑक्साइड वायू मेम्ब्रेनला जुमानत नाही. तो दोन्ही बाजूंना सारखाच राहतो. त्यामुळे रिजेक्टचा पीएच फीडपेक्षा सुमारे ०.६ ने वर चढतो. फीडच्या पीएचवर काढलेला स्केलिंगचा (क्षारांचा थर बसण्याचा) निर्देशांक म्हणूनच फसवा असतो. तो रिजेक्टच्या पीएचवर काढायचा. आणि ही सगळी आकडेमोड पाण्याच्या ज्या रिपोर्टवर उभी आहे, तो आधी तपासा. धन आयन आणि ऋण आयन मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मांडून बेरजा करा. दोन्हीत पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा आणि नवा नमुना पाठवा. बेरियम, स्ट्रॉन्शियम, फ्लोराइड आणि सिलिका हे चार रकाने रिकामे असलेला रिपोर्टही डिझाइनच्या कामाचा नाही.

पुढचा आकडा फ्लक्सचा, म्हणजे मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून ताशी निघणाऱ्या पाण्याचा. आठ इंची मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ ३७ चौरस मीटर. २४ मेम्ब्रेनमधून ताशी २० घनमीटर म्हणजे दर चौरस मीटरला ताशी २२.५ लिटर. विहिरीच्या स्वच्छ पाण्याला हा आकडा चांगला आहे, पण ईटीपीच्या पाण्याला जास्त आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर मी १४ ते १८ च्या वर जात नाही. व्यवस्थापनाचं ऐकून याच २४ मेम्ब्रेनमधून २४ घनमीटर काढायला गेलात तर फ्लक्स २७ होतो. त्यात हा आकडा सरासरीचा. ओळीतल्या पहिल्या मेम्ब्रेनवर तो त्याहून बराच जास्त असतो, कारण तिथे दाब सर्वाधिक आणि खारटपणा सर्वांत कमी. फ्लक्स वाढला की घाण पृष्ठभागावर दाबली जाते आणि आडवा प्रवाह तिला वाहून नेऊ शकत नाही. तीन आठवड्यांच्या सीआयपीचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

‘मग मेम्ब्रेन वाढवतो’ हे त्यावरचं साहजिक उत्तर. पण तिथे उलटी अडचण आहे. आठ इंची व्हेसलमधून (मेम्ब्रेन ओळीने बसवलेल्या नळकांड्यातून) बाहेर पडणारं रिजेक्ट ताशी तीन-साडेतीन घनमीटरच्या खाली जाऊ नये, नाहीतर पृष्ठभाग धुतला जात नाही. ३६ मेम्ब्रेन, म्हणजे पहिल्या स्टेजला चार आणि दुसरीला दोन अशा सहा व्हेसल लावल्या तर फ्लक्स सुधारतो आणि ७५ टक्क्यांना शेवटच्या दोन व्हेसलना प्रत्येकी ३.३ घनमीटर मिळतं, तेही काठावर. ९० टक्क्यांना एकूण रिजेक्टच २.७ घनमीटर, म्हणजे प्रत्येकी १.३५. फ्लक्स कमी करायला क्षेत्रफळ हवं आणि आडवा प्रवाह टिकवायला व्हेसल कमी हव्यात. या ओढाताणीमुळे एकाच आरओत ९० टक्के बसत नाही.

आता आरओच्या आधी काय चाललं आहे ते बघू. माझ्या अनुभवात चोक झालेल्या आरओची खरी कारणं ईटीपीतच सापडतात आणि बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी सोयीसाठी केलेली असतात. फिल्टर प्रेसला गाळ चांगला सुटावा म्हणून कॅटायनिक पॉलिमर टाकतात आणि प्रेसचं गाळलेलं पाणी परत ईटीपीच्या तोंडाशी सोडतात. उरलेला पॉलिमर त्यातून फिरत राहतो. मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित, पॉलिमर धनभारित. एकदा चिकटला की सीआयपीला दाद देत नाही. एरेशन टाकीत फेस आला की ऑपरेटर सिलिकॉनयुक्त डिफोमर ओततो. फेस जातो, यूएफचा दाब चढतो. उत्पादनात कॅटायनिक (धनभारित) सॉफ्टनर किंवा सर्फॅक्टंट (साबणासारखी रसायनं) असतील तर त्यांचंही तसंच. ही तीन नावं स्टोअरच्या खरेदी रजिस्टरमध्ये शोधा. प्रयोगशाळेच्या रिपोर्टपेक्षा ते रजिस्टर जास्त बोलतं.

आणखी एक प्रकार: इव्हॅपोरेटर बंद पडला की आरओचं रिजेक्ट गुपचूप इक्वलायझेशन टाकीत (ईटीपीच्या सुरुवातीला सगळं पाणी एकत्र करणाऱ्या टाकीत) जातं. त्या दिवशी सगळं सुरळीत दिसतं, पण क्षारांना बाहेर पडायची वाटच उरलेली नसते. फीडचा टीडीएस ३५०० वरून हळूहळू पाच-सहा हजारांवर जातो, जैविक टाकीतले जंतू मंदावतात, सीओडी (सेंद्रिय घाणीचं मोजमाप) वाढतो आणि दोष मेम्ब्रेनच्या माथी येतो. तुमचा गेल्या सहा महिन्यांचा फीड टीडीएस आलेखावर काढून बघा. पायऱ्यापायऱ्यांनी चढलेला दिसला तर हीच गोष्ट समजा.

आता एसडीआयबद्दल, म्हणजे पाणी गाळणी किती लवकर चोंदवतं हे सांगणाऱ्या निर्देशांकाबद्दल. ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून ३० पीएसआय दाबाने पहिलं ५०० मिलिलिटर ३० सेकंदांत आणि पंधरा मिनिटांनंतरचं ५०० मिलिलिटर ६० सेकंदांत गाळलं गेलं, तर एसडीआय येतो ३.३. पाचच्या आत हवा, तीनच्या आत उत्तम. यूएफनंतर तो बहुधा चांगलाच येतो आणि त्यावर लोक निर्धास्त होतात. पण एसडीआयला फक्त कण दिसतात. विरघळलेला सेंद्रिय भाग, रंग, सर्फॅक्टंट, जंतूंचं खाद्य यातलं त्याला काहीही दिसत नाही. एसडीआय दोन आणि तरी महिन्याला सीआयपी, असे प्लांट भरपूर आहेत.

महापालिकांच्या पाण्याचे दाखले इथे जपून घ्यावेत. सिंगापूरचं न्यूवॉटर २००३ पासून चालू आहे. मायक्रो किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन, मग आरओ, मग अतिनील किरणं असा त्याचा क्रम आहे आणि चिप बनवणारे कारखाने त्याचे मोठे ग्राहक आहेत. क्रम तुमच्यासारखाच दिसतो. फरक पाण्यात आहे: शहरी सांडपाण्याचे क्षार कमी, रोजची प्रत बरीचशी सारखी आणि सेंद्रिय भाग जंतूंना पचणारा. कारखान्याचं पाणी पाळीगणिक बदलतं. तिथला फ्लक्स आणि तिथली रिकव्हरी उचलून इथे बसवता येत नाही.

क्लोरीनचं वेगळं सांगतो, कारण तिथे चूक दुरुस्त होत नाही. १९६० च्या सुमारास लोब आणि सौरीराजन यांनी घडवलेल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या मेम्ब्रेन थोडं क्लोरीन सहन करायच्या. पॉलिअमाइड करत नाही. यूएफच्या बॅकवॉशला हायपोक्लोराइट वापरलं जातं आणि नीट न धुतलेला अंश फीड टाकीत उतरतो. फीडमध्ये ०.१ मिलिग्रॅमच्या वर मुक्त क्लोरीन नको. तो मारायला सोडियम मेटाबायसल्फाइट हिशेबाने १ मिलिग्रॅम क्लोरीनला १.३४ मिलिग्रॅम लागतं. प्रत्यक्षात क्लोरीनच्या तिप्पटीच्या आसपास टाकतात. पण ‘असू दे जास्त’ म्हणून ओतत राहिलात तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंचं फावतं. डोसिंग ओआरपी मीटरला (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मोजणाऱ्या मीटरला) बांधा आणि मीटर चढला की हाय प्रेशर पंप बंद पडेल असं इंटरलॉक लावा. परमिएट वाढलं, दाब उतरला आणि त्याची कंडक्टिव्हिटीही (क्षारांचं मोजमाप) चढत चालली, तर मेम्ब्रेनवर क्लोरीनचा घाला पडला आहे असं समजा. दुर्दैव असं की पहिले काही दिवस ऑपरेटरला प्लांट सुधारल्यासारखाच वाटतो.

आता निदान. दोष कुठे आहे हे दाबाचे आकडे सांगतात, पण तेवढ्यासाठी दोन्ही स्टेजचा दाबफरक वेगवेगळा नोंदवलेला हवा. पहिल्या स्टेजचा फरक चढत असेल तर गाळ, सेंद्रिय थर किंवा जैविक वाढ. दुसऱ्या स्टेजचं परमिएट घटत असेल आणि शेवटची मेम्ब्रेन उचलताना जड लागत असेल तर स्केल. एकाच व्हेसलची कंडक्टिव्हिटी जास्त असेल तर परमिएट नळीत बारीक नळी सरकवत जागोजागी मोजा. ठराविक ठिकाणी आकडा उडी घेत असेल तर ओ-रिंग गेली आहे. मेम्ब्रेन बदलायची गरज नाही. आणि हे सगळे आकडे २५ अंशांवर आणून बघायचे. पाणी एक अंशाने थंड झालं की परमिएट साधारण तीन टक्क्यांनी घटतं, त्यामुळे कच्च्या आकड्यांवर थंडीत उगाच सीआयपी होतात आणि उन्हाळ्यात गरजेचं सीआयपी राहून जातं. सुधारित (२५ अंशांवर आणलेलं) परमिएट १० टक्क्यांनी घटलं किंवा दाबफरक १५ टक्क्यांनी वाढला की धुवायचं. ३० टक्क्यांपर्यंत थांबलात तर थर घट्ट होतो आणि मग कितीही रसायन घाला, पूर्ण निघत नाही.

सीआयपीत आधी अल्कली, मग आम्ल. ईटीपीच्या पाण्यावर हा क्रम उलटा करू नका. सेंद्रिय थरावर आधी आम्ल घातलं की तो आवळतो आणि खालचा स्केल सुरक्षित राहतो. नुसता कार्बोनेटचा स्केल आहे अशी खात्री असेल तरच आम्लापासून सुरुवात. पीएच १२ आणि तापमान ३५ अंश यांच्या पुढे जायचं असेल तर मेम्ब्रेनचं डेटाशीट उघडा; पीएच जितका जास्त तितकी तापमानाची मर्यादा खाली येते. दोन्ही स्टेज एकाच फेऱ्यात धुणं ही वाईट सवय. पहिल्या स्टेजची घाण दुसरीत जाऊन बसते.

एवढं करून तुमचा आहे तोच प्लांट ७०-७५ टक्क्यांवर शांतपणे चालायला लागला की मग ९० ची गोष्ट. व्यवस्थापनाची मागणी चुकीची नाही. दिवसाला सुमारे सव्वादोन टन क्षार फीडमधून येतात आणि रिकव्हरी कितीही असली तरी ते तेवढेच राहतात. बदलतं ते त्यांच्यासोबतचं पाणी. एक घनमीटर पाणी नुसतं वाफ करायला साधारण ६३० किलोवॅट-तास उष्णता लागते. मल्टी इफेक्ट इव्हॅपोरेटर तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, तरी चार इफेक्टमध्ये (टप्प्यांमध्ये) एक किलो वाफेवर तीन-साडेतीन किलो पाणीच उडतं. त्याउलट समुद्राच्या पाण्याचा आरओ आज घनमीटरला तीन ते चार किलोवॅट-तास विजेत चालतो. ताशी ६.७ घनमीटरऐवजी २.७ उडवायचं असेल तर बाकी सगळा खटाटोप परवडतो.

मी असं करीन. पहिला आरओ ७० टक्क्यांवर उतरवायचा, एक व्हेसल वाढवून मेम्ब्रेन ३० करायच्या. परमिएट १८.७, फ्लक्स १७ च्या आत, रिजेक्ट ताशी ८ घनमीटर आणि त्यात सिलिका ११७, म्हणजे रेषेच्या आत. त्या ८ घनमीटरवर चुना आणि सोडा ॲशचं सॉफ्टनिंग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कडकपणा काढणं). पीएच १०.५ च्या पुढे नेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका पडतो आणि सिलिका त्याच्यासोबत खाली बसते. पाण्यात मॅग्नेशियम कमी असेल तर ते वरून घालावं लागतं. ही प्रक्रिया २६.७ ऐवजी ८ घनमीटरवर करायची असल्याने टाकी लहान लागते आणि घट्ट झालेल्या पाण्यातून क्षारही जास्त पडतात. त्यानंतर गाळणी, उरलेल्या कडकपणासाठी रेझिन (आयन बदलणारे मणी), पीएच दुरुस्ती आणि मग समुद्री पाण्याच्या मेम्ब्रेनचा दुसरा आरओ: १२ मेम्ब्रेन, स्वतंत्र पंप, ३५ ते ४५ बार. तो दोन तृतीयांश पाणी काढतो. ८ चे राहिले २.७, एकूण ९० टक्के. शेवटच्या व्हेसलला प्रवाह थोडा कमी पडतो, म्हणून रिजेक्टचा काही भाग त्याच आरओच्या पंपाकडे फिरवावा लागेल.

यात एक पाचर आहे. पहिल्या आरओत टाकलेलं अँटिस्केलंट रिजेक्टमध्येच उतरतं आणि क्षार पडू न देणं हेच त्याचं काम. सॉफ्टनिंगच्या टाकीत ते तुमच्या विरुद्ध उभं राहतं. नुसत्या स्वच्छ पाण्यावर जार टेस्ट (लहान भांड्यातली चाचणी) करून चुन्याचा डोस काढला तर तो प्रत्यक्षात अपुरा पडतो. जार टेस्ट खऱ्या रिजेक्टवरच करा.

दुसरा पर्याय म्हणजे कडकपणा पूर्ण काढून पीएच दहाच्या वर ठेवून आरओ चालवायचा. सिलिका त्या पीएचला आयनरूप घेते आणि कितीतरी जास्त विरघळते. सेंद्रिय थरही कमी बसतो. पण रेझिन एक दिवस जरी घसरलं तरी अख्खी रांग कार्बोनेटने भरते. ज्या प्लांटवर कडकपणाचं मोजमाप पाळीत एकदा, तेही आठवण झाली तर, होतं तिथे मी हा मार्ग सुचवत नाही.

इव्हॅपोरेटरकडे जाणाऱ्या क्षारात क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही भरपूर असतील तर मध्ये नॅनोफिल्ट्रेशनचा विचार करा. ते सल्फेट अडवतं, मीठ बरंचसं सोडतं. वेगळा झालेला क्षार निदान वापरात जाऊ शकतो. मिश्र क्षाराला कुणी हात लावत नाही. कॅल्शियम क्लोराइड आणि नायट्रेट जास्त असतील तर ड्रायरमधून भुकटीऐवजी चिकट गोळा निघतो, हेही आधीच तपासून घ्या.

सगळं पाणी आरओतून काढायची गरज आहे का, हेही विचारायला हवं. जमिनी धुणं, चुना कालवणं, स्क्रबर अशा कामांना यूएफचं पाणी बऱ्याचदा चालतं. ताशी दोन घनमीटर तिथे वळवता आलं तर सगळी गणितं हलकी होतात. उलट, परमिएट मिळालं म्हणून ते थेट लोखंडी पाइपात सोडू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, क्षारता जवळजवळ नसते आणि ते पाइप खातं. अमोनिया, युरिया, बोरॉन आणि लहान निर्भार रेणू न्यूट्रल पीएचच्या आसपास आरओ पूर्ण अडवत नाही. अमोनियाचं पाणी तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या असलेल्या कंडेन्सरपर्यंत जाणार असेल तर ते आधी मोजा. इव्हॅपोरेटरचा कंडेन्सेटही (वाफ थंड होऊन मिळालेलं पाणी) याच कारणाने सरळ परमिएट टाकीत घेऊ नका.

काम देताना पुरवठादाराच्या हमीत ‘फीड टीडीएस ३५००’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे सिलिका, ॲल्युमिनियम, सीओडी, तेल आणि तापमानाची दोन्ही टोकं लिहून घ्या, आणि दोन सीआयपींमधलं किमान अंतर सुधारित परमिएटच्या हिशेबाने मागा. पायलट (छोटा चाचणी प्लांट) लावणार असाल तर तो उत्पादन बदलण्याच्या दिवसांत आणि टाकी धुण्याच्या दिवसांतही बंद ठेवू नका. तोपर्यंत पहिल्या ओळीतली पहिली आणि दुसऱ्या स्टेजची शेवटची अशा दोन मेम्ब्रेन काढून, वजन करून, ओल्याच पिशवीत बांधून चिरफाडीला पाठवा. एकच पाठवली तर अर्धाच आजार कळेल.